पिंकी पाण्याबाहेर का आली नाही

"किमू, तुझी पिंकी नापास! दोन वर्षं एकाच यत्तेत," स्वानंददादाने आजही चिडवलंच.

पिंकी म्हणजे काचपेटीतली सॅलमँडर, बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला प्राणी. अ‍ॅक्सोलॉटल जातीची, वीतभर, गुलाबी. मानेपाशी लाल पिसांसारखे कल्ले. जोडीदाराचं नाव बाबांनी जनार्दन ठेवलेलं. सॅलमँडरच्या पिल्लांचे कल्ले झडतात आणि ती जमिनीवर येतात, असं किमयाने पुस्तकात वाचलं होतं. चढायला तिने पेटीत उंच दगडही ठेवला होता. दोन वर्षं त्याचा माथा कोरडाच होता.

नेरे गावातल्या त्यांच्या सोसायटीमागे सारजाबाई मेंढरं चारायच्या. आठवड्यापूर्वी किमयाने त्यांनाच विचारलं होतं.

"डबकं आटाया लागलं की बेडकाच्या पिल्लांची घाई बघ," त्या म्हणाल्या होत्या. "बिगी बिगी पाय फुटत्यात. पाणी हाय तवर कोण कशाला उठतंय?"

किमयाला ते पटलं. तेव्हापासून ती गुपचूप रोज पाच-सहा तांबे पाणी काढत होती. आज पाणी निम्म्यावर आलं होतं. पिंकी कोपऱ्यात गप्प बसलेली. तरी किमयाने तांबा उचलला. आज तरी पिंकी पास व्हायलाच हवी होती.

"थांब गं," म्हणत एकनाथआजोबा, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, खुर्ची ओढून शेजारी बसले. सगळं ऐकून घेतलं, पण रागावले नाहीत. "सारजाबाई खरं तेच बोलल्या. पण डबकं आटतं. हिच्या पूर्वजांचं मेक्सिकोतलं तळं बारमाही. तिथं घाई कशाची?"

"म्हणजे बाहेर यायची गरजच नव्हती?"

"त्याही आधीचे पूर्वज यायचे. पण तळ्यात राहिलेल्यांचं हजारो वर्षांत घड्याळच बदललं. कल्ले गाळायचा निरोप हिचं शरीर आता आपणहून देत नाही. पाणी काढलंस तर ही मरेल, बाहेर येणार नाही."

किमयाने तांबा खाली ठेवला. डोळे भरून आले. "मग ही कायम पिल्लूच राहणार?"

आजोबा पेटीकडे वाकले. उत्तराऐवजी त्यांनी आत बोट दाखवलं.

पाणवनस्पतीच्या सगळ्यात वरच्या पानाला पारदर्शक मण्यांची रांग चिकटली होती. प्रत्येक मण्यात मोहरीएवढा ठिपका. आणखी एक तांबा काढला असता, तर ते पान उघडं पडलं असतं.

"अंडी?" किमया कुजबुजली. "पण आजोबा, हिचे कल्ले तर अजून..."

"कल्ले ठेवूनच ही वयात येते. शिकवलं होतं मी हे वर्गात," आजोबा हळूच म्हणाले. "बघितलं मात्र आज."

पेटीसाठी बादल्यांत साठवून ठेवलेलं पाणी दोघांनी तांब्यातांब्याने परत ओतलं, धार काचेवरून सोडत. मग किमया धावत जाऊन सारजाबाईंना घेऊन आली. त्यांनी पेटीला नाक लावलं.

"आगं बया! पोरपण सोडलंच न्हाई, आन् आई झाली व्हय?"

खाली रखवालदार ओरडत होता, की मेंढरं बागेत शिरली. सारजाबाईंना ऐकूच गेलं नाही.