बंडीचं बटण

सिंदी रेल्वे या गावाजवळ, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये रक्षा उईके कापसाचा ओलावा मोजायची. आलेल्या गाडीतला मूठमूठ कापूस यंत्रात दाबायचा, पडद्यावर आकडा आला की चिठ्ठी फाडून द्यायची. आकडा बाराच्या आत असला तर गाडी आत, नाही तर परत. यंत्राला दोन बटणं होती, ट्रॅक्टरचं आणि बंडीचं. ट्रॅक्टर असला तर पाच मुठी घ्यायच्या, बैलाची बंडी असली तर दोन.

डिसेंबरातल्या एका सकाळी तिचा मामा पुनाजी बंडी घेऊन आला. त्याच्या पुढे प्रभाकरराव या व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरचा आकडा आला आठ पॉइंट चार. मामाचाही आठ पॉइंट चारच आला. प्रभाकररावांनी सहज म्हणून बंडीत हात घातला आणि बोटं पँटला पुसली.

"दंवातला कापूस हाय हा. याचे आठ?" त्यांनी मॅनेजर धर्मेंद्रला हाक मारली. "आन हा हिचा कोन लागते, थे इचारा."

"मामा आहे माझा," रक्षा म्हणाली.

धर्मेंद्रनं कापूस दाबून पाहिला. बंडी परत गेली. "मी काई म्हनत नाई," तो म्हणाला, "पन उद्यापासून तू आत बस. जुन्या चिठ्ठ्या लाव."

काही म्हणत नाही, हेच तिला लागलं. दुसऱ्या दिवशी यंत्रावर जिनिंगमधलीच मयुरी बसली. चहाच्या वेळी रक्षा आली की बायकांचं बोलणं थांबायचं. मयुरीला ही खुर्ची हवीच होती, असं रक्षाच्या मनात येऊन गेलं. मग वाटलं, आपलाच हात तर चुकला नाही? ओला कापूस आठ कसा दाखवेल?

तिसऱ्या दिवशी चिठ्ठ्या तारखेनं लावताना तिचा हात थांबला. एका बंडीचा आकडा तिच्या आधी मोजलेल्या ट्रॅक्टरच्या आकड्याइतकाच होता. दुसऱ्या बंडीचाही. तिनं पूर्ण नोव्हेंबरच्या चिठ्ठ्या काढल्या. एकही बंडी वेगळी नव्हती. त्यातच मनकर्णाबाईंच्या बंडीची चिठ्ठी सापडली, तेरा पॉइंट सहा, आधीच्या ट्रॅक्टरइतकीच. "दोन दिवस वाळवला वो बाई," असं त्या कळवळून सांगत होत्या आणि रक्षानंच त्यांना खोटं ठरवून परत पाठवलं होतं.

यंत्रातला प्रोग्रॅम सावंगीच्या भूपेंद्रनं लिहिला होता. तिनं त्याला फोन केला.

"खरं सांगा, कोणासाठी यात काही चोरवाट ठेवली का तुम्ही?"

"ताई, काहीही काय बोलता?" तो चिडला, पण दुपारी आला.

तो लॅपटॉप जोडायला लागला तशी रक्षा यंत्रापुढे उभी राहिली. "साहेब येतपर्यंत हात नका लावू." हा काही पुसून टाकेल, असं तिला वाटत होतं.

धर्मेंद्र आल्यावर तिनं सुक्या कापसाची मूठ ट्रॅक्टरच्या बटणावर पाच वेळा मोजली. सात पॉइंट नऊ. मग कापूस नळाखाली भिजवला, पिळला आणि बंडीच्या बटणावर दोनदा मोजला. सात पॉइंट नऊ.

भूपेंद्र लॅपटॉप जोडून प्रोग्रॅममध्ये ओळ ओळ खाली सरकत गेला आणि एका ठिकाणी थांबला.

"आकडा ठेवायला ओलावा हे नाव मी इंग्रजी अक्षरांत लिहिलंय. ट्रॅक्टरच्या भागात बरोबर आहे. बंडीच्या भागात मधला ए सुटला."

"मंग यंत्रानं काऊन नाई सांगितलं, नाव चुकलं म्हनून?" धर्मेंद्रनं विचारलं.

"या भाषेत नावं आधी नोंदवावी लागत नाहीत. नवीन नाव दिसलं की ती गुपचूप एक नवा डबा काढते. बंडीचा आकडा त्या डब्यात जात राहिला. पडदा जुन्याच डब्यातला दाखवत होता, ट्रॅक्टरचा."

"एक अक्षर," धर्मेंद्र म्हणाला. तो भूपेंद्रकडे वळला. "असे अजून कितीक असतीन?"

भूपेंद्रनं ए घातला, पुन्हा मोजून दाखवलं आणि निघून गेला. रक्षाला खुर्ची परत मिळाली. तिनं मनकर्णाबाईंना निरोप पाठवला, त्या आल्या नाहीत. धर्मेंद्र मात्र आता प्रत्येक बंडीत स्वतः हात घालून पाहू लागला.

रविवारी ती मामाच्या गावी गेली. बायजामामीनं चहा दिला.

"मामा, माझ्यावरचा आळ गेला. मशीनच चुकत होती."

पुनाजी हसला. "मले तवाच समजलं होतं. दंवातच येचलता म्या कापूस. आठ आला तं म्हटलं, पोरीनं मामाची लाज राखली."

"मी काही केलं नाही, मामा. नावातलं एक अक्षर सुटलं होतं."

"हो हो." त्यानं बायजाकडे पाहून डोळे मिचकावले. "सगळ्याइले असंच सांगजो."

रक्षानं कप खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.