उपासाच्या दिवशी भाजलेले वॉफल

सांगा बघू, विश्वास कोणावर ठेवावा? तोंडभर कौतुक करणाऱ्या गिऱ्हाइकावर, की नाक मुरडून तीनदा परत येणाऱ्यावर? मी दुसऱ्यावर ठेवतो. नॉर्वेतल्या बर्गन शहरात, एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या फळीवर, मी पुष्कळ दिवस काढलेत. माणूस जोखायला तिथंच शिकलो. "अगं बाई, किती गोंडस!" म्हणणारे सगळे पुढं सरकत. सिस्टर टोलमन मात्र मला उघडून, आत नाक घालून म्हणाल्या, "शी! याच्या फटीत कुणाच्या तरी लग्नातला जॅम अडकलाय." तेव्हाच ओळखलं, ही बाई मला नेणार.

मी वॉफलचा साचा बोलतोय. विजेवर तापतो, आणि मिटलो की पोटात पत्त्यांतल्या बदामासारख्या पाच पाकळ्यांचं एक गोल फूल भाजतो.

जन्म कारखान्यातला. तिथून लग्नाच्या आहेरात गेलो. त्या घरच्या बाईंनी मला मुलाच्या फुटबॉल क्लबला उसना दिला आणि आणायचंच विसरल्या. मैदानाकाठी, पावसात, ताडपत्रीखाली मी वॉफल भाजत असे. आमचा संघ सतत हरायचा, पण लोक यायचे. कशासाठी यायचे ते मला ठाऊक आहे, संघाला कधी बोललो नाही. पुढं क्लबात दोन वॉफल एकदम भाजणारा नवा साचा आला आणि माझी रवानगी दुकानात झाली.

सिस्टर नदीन टोलमन आणि त्यांचे यजमान एल्डर व्हर्ल टोलमन, दोघं सत्तरीचे. अमेरिकेत, आयडाहोतली बटाट्याची शेती मुलांच्या हवाली करून, छातीवर नावाची काळी पट्टी लावून, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चच्या कामाला इथं आलेले. या चर्चमध्ये बाईला सिस्टर आणि धर्मकार्याला आलेल्या पुरुषाला एल्डर म्हणतात. काम काय? चर्चच्या वरच्या मजल्यावरची खोली तरुण पोरापोरींसाठी उघडी ठेवायची, त्यांना खाऊ घालायचं, गुरुवारी धर्मग्रंथाचा वर्ग घ्यायचा. एल्डर टेबल टेनिसमध्ये न चुकता हरायचे. सिस्टर येईल त्याला विचारायच्या, "काय रे, कुणी भेटली का?" त्या प्रश्नाला घाबरून दोन पोरं मागच्या जिन्यानं यायची.

माझी पहिली संध्याकाळ आठवते. एल्डरांनी माझ्या वॉफलवर तळलेलं डुकराचं मांस ठेवलं, वर अंडं, आणि त्यावर मेपलचा पाक ओतला. नर्सिंग शिकणारी सुनिवा किंचाळली, "एल्डर, हे काय केलंत!"

"आमच्याकडे न्याहारी अशीच असते, पोरी."

"आमच्याकडे याला अपघात म्हणतात."

मग तिनंच शिकवलं. पिठात वेलदोडा, वर आंबट साय आणि जॅम, नाहीतर तपकिरी चीजचा पातळ काप. एल्डरांनी काप तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि म्हणाले, "हे चीज आहे की गोड साबण?" पण आठवड्याभरात तेच चीज ते फ्रिजमागे लपवू लागले.

आता मुख्य गोष्ट. तोरगेर नावाचा एक पोरगा होता. धर्मप्रचाराला दोन वर्षांसाठी स्पेनला गेला आणि चार महिन्यांत परत आला. रात्री झोप लागेना, छाती धडधडायची. जाताना चर्चभर मिठ्या मारून सगळ्यांनी निरोप दिलेला, त्यामुळं परत आल्यावर त्याला चर्चची पायरीच चढवेना. वर्ष झालं, फिरकला नव्हता. सिस्टर त्याच्या मागं लागल्या. "सभेला नको येऊस. आधी नुसता वॉफल खायला ये. आवडलं नाही तर ऊठ आणि जा, मी एक शब्द विचारणार नाही." शेवटी तो म्हणाला, "बरं, एकदा येतो. पुन्हा विचारू नका."

म्हणजे संधी एकच. माझ्यासारख्या म्हाताऱ्या साच्यावर एवढी भिस्त कुणी ठेवली नव्हती.

यांच्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो. दोन वेळचं जेवण नाही, पाणीही नाही. एप्रिलचा पहिला रविवार होऊन गेला होता, म्हणून सिस्टरनी निर्धास्तपणे दुसऱ्या रविवारी दुपारी तोरगेरला बोलावलं. भांडंभर पीठ भिजवलं. लोणी वितळलं, वेलदोड्याचा वास जिन्यापर्यंत गेला. पोरं सभेआधी गाण्याच्या तालमीला आली आणि वास येताच दारात थिजली. पण एकानंही तोंड उघडलं नाही. इथली माणसं अशीच, समोरच्याला अवघडायला नको म्हणून स्वतः अवघडून बसतील. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर ओळीनं बसली आणि घेता का विचारलं की, "नको, सिस्टर. नंतर."

तोरगेर आला. सिस्टरनी त्याच्यापुढं पहिला वॉफल ठेवला. त्यानं एक बदाम तोडला. अख्खी ओळ बघत होती. त्यानं जॅम लावला. ओळीनं आवंढा गिळला. त्याचा हात थांबला, कान लाल झाले. ताटली सारून तो उठला आणि जाकीट घेतलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "सगळे असेच टक लावून बघणार."

माझी तर वायर गार पडली.

"तुझ्याकडे कोण बघतंय!" सुनिवा फुटलीच. "मी त्या जॅमकडे बघतेय! कालपासून पोटात कण नाही माझ्या!"

"कण नाही? का गं?" सिस्टर पलटा हातात धरून तशाच उभ्या.

"उपास आहे ना आज."

"आज कसला? पहिला रविवार गेला की!"

"त्या दिवशी चर्चची परिषद होती, सिस्टर. म्हणून उपास या रविवारी ढकललाय."

 मग सगळ्यांच्या माना एल्डरांकडे वळल्या. ते कोपऱ्यात हलायचं नाही असं ठरवून उभे होते. टायवर पीठ, मिशीला साय.

"व्हर्ल! किती खाल्लेस?"

"एक."

सिस्टरनी पलटा त्यांच्या मिशीकडे रोखला.

"आणि त्याच्याआधी दोन. चव बघायला नको का? पाहुणा यायचा होता."

तोरगेर फिसकन हसला. जाकीट अजून हातातच. एल्डर त्याच्याजवळ गेले आणि शेजारची खुर्ची ओढली. "बस बाबा. तुझी दोन वर्षं पुरी झाली नाहीत, माझ्याच्यानं एक दिवस धड निभत नाही. आता या खोलीत खाणारे आपण दोघंच, मला एकटा पाडू नकोस."

तोरगेर बसला. ताटली संपवली. मग बाह्या सरसावून म्हणाला, "हे उरलेलं पीठ टाकणार का? संध्याकाळी उपास सोडायला होईल." आणि पिठाचा डाव हातात घेतला. वॉफलची चळत चढत गेली.

"खिडकी तरी उघड रे!" सुनिवा ओरडली. "हा छळ आहे, छळ!"

"प्रार्थना कर," तो म्हणाला.

सभेला तो खाली गेला. सगळ्यात मागं, एल्डरांच्या शेजारी बसला म्हणे. एल्डर झोपले, यानं त्यांना दोनदा कोपर मारलं. संध्याकाळी चळत बघता बघता गेली.

टोलमन पुढं आयडाहोला परतले. त्यांच्याकडची वीज मला मानवणारी नाही, म्हणून मी इथंच राहिलो. आता माझी मूठ जळलीय, तारेनं बांधलीय. तोरगेर सोमवारी सोमवारी मला तापवतो. नव्यानं आलेल्या पोरांना पहिला घास झाल्याशिवाय कुणी काही विचारायचं नाही, हा त्याचा कायदा.

एक विनंती तेवढी ऐका. माणसाचा हिशेब तुम्हीही मांडत असालच, सगळेच मांडतात. कोण किती दिवस आधी परत आला, एवढं ठळक शाईनं लिहून वही मिटू नका. लाजेनं पाय उचलत नसतानाही जो जिना चढून आला, त्याचं तेही जमेला धरा. हिशेब ठेवायचाच, तर प्रामाणिक ठेवा.