आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह

आमच्या गल्लीला चोवीस तास पाणी मिळालं, त्यात माझा वाटा मोठा आहे. उगाच फुशारकी मारत नाही. सत्कारातली शाल अजून कपाटात डांबरगोळ्यांत पडली आहे. भाषणात मला 'लढवय्या आजी' म्हणाले. उत्तरा गर्गे असं धडधडीत नाव असताना आजी! साठी ओलांडली की बाईचं नाव कुठे जातं कोण जाणे.

पाथर्डी फाट्याच्या पुढे आमची वसाहत झाली तेव्हा इथे द्राक्षांचे मळे होते. मळे गेले, प्लॉट पडले, घरावर घर चढलं, पाणी मात्र होतं तेवढंच राहिलं. पहाटे साडेपाचला धोंडीराम सायकलवरून यायचा. तो महापालिकेचा व्हॉल्व्हमन. माझ्या गेटसमोरच्या चेंबरचं झाकण उचलून लांब लोखंडी चावीनं तो व्हॉल्व्ह फिरवायचा. एवढी जड चावी सायकलवर कशाला वाहायची, म्हणून ती माझ्याच ओट्यावर खिळ्याला टांगलेली असायची.

माझं घर गल्लीच्या तोंडाशी, तेही उतारावर, त्यामुळे पहिलं पाणी मला यायचं. नळ खोकायला लागला की मी बाहेर येऊन गेटची कडी वाजवायची आणि ओरडायची, "पाणी आलंऽ!" मग एकेका घरानं आतून ओ द्यायची, "आलं होऽ!" ही आमची पद्धत. ज्या घरातून ओ आली नाही ते अजून झोपलंय असं समजायचं आणि त्यांच्या दारावर धडका मारायच्या. तेवढ्या तासाभरात अख्खी गल्ली बाहेर असायची. नळाला मोटार लावून सगळ्यांचं पाणी ओढणाऱ्या दीपमालाशी मी इतकी भांडले आहे, की सख्ख्या बहिणीशीही कधी एवढं बोलले नसेन. एकदा तापामुळे मी उठलेच नाही, कडी वाजली नाही, तर सगळ्या जणी माझ्या दारात हजर. दीपमालाच भाताची पेज घेऊन आली होती, आणि वर मलाच ओरडली.

आमचे हे गेले त्यानंतर त्या एका तासावर मी बाकीचे तेवीस तास काढत होते. हे तेव्हा कळलं असतं तर अर्ज करायला गेले असते का? गेलेच असते. बायकांनी पहाटे उठून हंडे वाहायचे, ही काय रीत झाली? मी अर्ज केले, साहेबांच्या खुर्चीसमोर ठाण मांडून बसले. नवा जलकुंभ झाला, नवी लाइन पडली, कधीही नळ सोडा, धो धो पाणी. धोंडीरामची दुसरीकडे बदली झाली. बंगळूरहून मृण्मयी म्हणाली, "आई, आता निवांत झोप गं." लेकीचा जीव, तिला काय सांगणार?

झोप कुठली? साडेपाचला डोळे उघडायचे ते उघडायचेच. गेटपाशी येऊन उभी राहायची, तर गल्ली चिडीचूप. दीपमाला स्कूटरवरून जाताना हात हलवायची, तेही हेल्मेटमधून. माझं काम झालं होतं आणि कामाबरोबर मीही संपले होते. मला एकटं वाटत होतं, फार एकटं. हे बोलायला लाज वाटायची, कारण पाणी तर मीच मागितलं होतं.

त्या मंगळवारी मी खिळ्यावरची चावी काढली.

एकदा धोंडीरामची कंबर धरली होती तेव्हा मी व्हॉल्व्ह फिरवला होता, त्यामुळे काम माहीत होतं. नवा व्हॉल्व्ह तर अगदी हलका फिरून बंद झाला. झाकण लावलं, हात धुतले आणि मोठ्या पातेल्यात चहा टाकला. म्हटलं, आता येतीलच. "ताई, पाणी गेलं का हो?" म्हणत एकेक जण दार वाजवेल, मी थोडं रागावेन, मग चहा देईन, आणि पाणी बघून येते म्हणत हळूच व्हॉल्व्ह उघडेन. पातेलं ओट्यावर ठेवून दारात खुर्ची टाकून बसले.

शाळेच्या बसेस आल्या, गेल्या. ऑफिसवाले गेले. दीपमालाची कामवाली बाहेर येऊन पाइपनं गाडी धुऊ लागली. पाणी कसं भसाभसा येत होतं! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चोवीस तास पाणी येऊनही आमच्यातल्या एकालाही टाकी रिकामी ठेवायची हिंमत झाली नव्हती. गच्चीवरच्या टाक्या, मोरीतली पिंपं, माठ, कळशा, सगळं काठोकाठ. माझ्याकडेही तेच. दोन दिवस नळ कोरडा राहिला तरी कुणाला पत्ता लागला नसता. चहावर साय धरली.

शेवटी माझ्या गेटसमोर एक मोटारसायकल थांबली. उतरली ती पायल, पाणीपुरवठ्यातली तरुण इंजिनिअर. सत्काराच्या दिवशी शाल हिनंच आणून दिली होती.

"काकू, तुमच्या लाइनचं प्रेशर ऑफिसच्या स्क्रीनवर शून्य दिसतंय. पाणी आहे का?"

म्हणजे माझी आठवण झाली ती एका यंत्राला! पायलनं चेंबर उघडलं, आपली चावी लावून व्हॉल्व्ह फिरवला. मग तिची नजर ओट्यावर गेली. माझ्या चावीला ओला चिखल होता. आधी चावीकडे, मग माझ्याकडे, मग त्या मोठ्या पातेल्याकडे तिनं पाहिलं. पोरगी हुशार.

"ही चावी मला न्यावी लागेल, काकू," ती हळू आवाजात म्हणाली.

"ने. चहा घेतेस?"

"नक्की घेतला असता, पण पुढच्या ठिकाणी लोक थांबलेत." ती खरंच घाईत होती. तिला दोष कसला द्यायचा? असं वेळेवर येणारं माणूस मिळावं म्हणूनच तर मी भांडले होते.

रिकाम्या खिळ्याकडे बघत बसले होते, तेवढ्यात गेट करकरलं. गल्लीच्या टोकाला जुन्या मळ्यातलं पत्र्याचं घर आहे, तिथली कुसाबाई. तिचा मुलगा सोमनाथ गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये गेला, ही मागेच राहिली. गुडघे धरत, भिंतींचा आधार घेत एवढं चालत आली होती. हातात ना बादली ना कळशी.

"काय गं कुसाबाई, पाणी हवंय?"

"पानी लय हे माझ्याकडं, पिंप भरून हे. पन सकाळधरनं नळ कोरडा, तरी बी तुमी काय वरडला नाय. म्हनलं, बाईला काय झालं का? म्हनून बघाया आले."

चहा पुन्हा गरम करायच्या निमित्तानं आत गेले आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून डोळे पुसले.

ती चहा प्यायली, अंगणातल्या मोगऱ्याला नावं ठेवली, सोमनाथचा फोन रविवारीच येतो म्हणाली. उठताना तिनं विचारलं, "उद्या बी जाईन का वो पानी?"

"नाही गं. आता नाही जायचं."

"बरं झालं," ती म्हणाली. म्हणण्यात काही जीव नव्हता.

पाणी असलं तरी ये, एवढं साधं मला त्या वेळी म्हणता आलं नाही. रात्रभर त्याचाच राग येत राहिला, स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी गेटपाशी गेले. कडी धरली आणि पूर्वीसारखी दणादण वाजवली. "पाणी आलंऽ!"

एकही दार उघडलं नाही. दीपमालाच्या घरी वरच्या खिडकीत दिवा लागला आणि विझला. लोक म्हणतील म्हातारीचं डोकं फिरलं, म्हणोत. पद्धतीप्रमाणे मी एकेका घराच्या ओची वाट बघत उभी राहिले. पहिलं घर गप्प, दुसरं गप्प, त्यापुढची सगळी गप्प.

मग गल्लीच्या पार टोकाकडून, पत्र्याच्या घरातून आवाज आला.

"आलं वोऽ!"