डाव्या पायाची चूक

मित्रांनो, मी कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतली एक जुनी मोटारसायकल आहे. तुमच्या घरच्या गाडीला गियर डाव्या पायाशी आणि ब्रेक उजव्या पायाशी असतो. माझं उलटं आहे. माझा गियर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. माझ्या काळी आम्हाला असंच घडवत. नवीन माणूस माझ्यावर बसला की पहिले दोन दिवस गियर टाकायला जातो आणि ब्रेक दाबतो.

गणपतरावांनी मला घेतलं तेव्हा ते मलकापूरच्या शाळेत नव्याने मास्तर झाले होते. सारी पेठ त्यांना तात्या म्हणते. दर सोमवारी पहाटे आम्ही निघायचो आणि शनिवारी दुपारी परत यायचो. माझा आवाज ऐकून वाटेवरचे हॉटेलवाले चहा उकळायला ठेवत. पुढे तात्यांचे गुडघे गेले. किक मारणं जमेना. मग आठ वर्षं मी बोळात ताडपत्रीखाली उभी होते. माझ्या हँडलवर शेजारणी कपडे वाळत घालायच्या. ऊन, वारा आणि साबणाचा वास, एवढंच माझं जग उरलं होतं.

गेल्या वर्षी तात्यांची भाची वर्षाराणी सुट्टीला आली आणि तिने ती ताडपत्री ओढून काढली. वर्षाराणी वैमानिक आहे. पंख्यांचं लहान विमान ती चालवते.

मला तेव्हापासून एक कुतूहल लागून राहिलं. ज्या मुलीला आभाळात उडता येतं, तिला रस्त्यावरून धावणाऱ्या यंत्रात काय सापडत असेल? ते विमान माझ्यासारखं असेल का? मला विचारता येत नव्हतं. पण पेठेतल्या बाळासो मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये माझं इंजिन उघडलेलं असताना तात्या स्टुलावर बसून सगळं विचारायचे.

"विमानाला बिरेक असतो का गं?"

"असतो की मामा. पण जमिनीवर. हवेत त्याचा उपयोग न्हाई."

"आणि वर थांबावं वाटलं तर?"

"थांबताच येत न्हाई. हळू केलं तरी एका मर्यादेपर्यंतच. त्याच्या खाली वेग गेला की पंख उचलायचं सोडून देतात."

मी यावर पुष्कळ विचार केला. मी बंद पडले तर मला रस्त्याच्या कडेला लावता येतं. आभाळाला कड नाही. पण वर्षाराणी म्हणाली, की उंचावर बिघाड झाला तर विचार करायला थोडी मिनिटं मिळतात. माझ्यावर बसलेल्या माणसाला एक सेकंदही मिळत नाही. म्हणजे दोघांमध्ये अधिक धोक्याचं कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही सख्ख्या बहिणी निघालो. वळताना चारचाकी बाहेरच्या बाजूला फेकते. मी आणि विमान वळणाच्या आत झुकतो. वैमानिकाने नीट वळवलं तर मांडीवरच्या कपातला चहासुद्धा एका बाजूला कलत नाही, असं तिने सांगितलं.

"आणि बाळासोमामा, वेगात डावीकडं वळायचं असलं तर तुम्ही डावं हँडल पुढं ढकलता."

बाळासो हसले. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस तो. "येडी का खुळी? डावीकडं वळायला डावीकडं वढायचं."

"जाऊन बघा की."

बाळासो दुसऱ्या एका गाडीवर बसून रंकाळा तलावापर्यंत गेले. परत आले ते हँडलकडे बघतच उतरले.

"व्हय की," ते म्हणाले. "ढकलतोय मी. आजवर मला कुणी सांगितलंच न्हाई."

मी दुरुस्त होऊन दिमाखात उभी राहिले, आणि मग प्रश्न आला तो मी कुणाची. तात्यांचा पुतण्या राजवर्धन लहानपणापासून माझ्यावर डोळा ठेवून होता. वर्षाराणीलाही मी हवी होते. तात्यांनी दोघांना समोर बसवलं. "रविवारी दोघांनीबी पन्हाळ्याला जाऊन यायचं. सकाळी हिनं, संध्याकाळी तू. ज्याच्या हातात गाडी शोभंल त्याचं नाव कागदावर."

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे, जी तेव्हा फक्त माझ्या ध्यानात होती. माझ्या ब्रेकच्या पायडलपासून मागच्या चाकाकडे एक लोखंडी दांडी जाते. ती जिथे अडकते तिथे एक बारीक पिन असते. शनिवारी दुपारी बाळासोंनी ती झिजलेली पिन काढली. नवी आणेपर्यंत म्हणून त्यांनी तिथे तारेचा तुकडा वळवून घातला. तेवढ्यात पेठेच्या फुटबॉल संघाचा सामना सुरू व्हायची वेळ झाली. बाळासो हातातला पाना तसाच ठेवून स्टेडियमकडे पळाले. संघ जिंकला. गुलाल उधळला गेला. तार विसरली गेली.

रविवारी सकाळी वर्षाराणीने माझ्याभोवती फिरून हातातल्या कागदावरची यादी वाचायला सुरुवात केली. हवा, तेल, चेन, दिवे.

"गणपतीला प्रदक्षिणा घालतीस काय?" राजवर्धन दारातून म्हणाला.

"विमानाला रोज घालतो मी. तुझ्या गणपतीचा आशीर्वाद असतोच, पण टायर बघितलेला बरा."

तिने चाक फिरवून पायडल दाबलं. चाक थांबलं. तार आतल्या बाजूला होती, तेलकट काळी झालेली. तिला ती दिसली नाही. मी काय करणार? मला फक्त धडधडता येतं.

पन्हाळ्याला चढताना मी खूश होते. खरं सांगायचं तर मी तार विसरलेसुद्धा. किल्ल्यावर तिने झुणका-भाकरी खाल्ली आणि आम्ही उतरायला लागलो. उतारावर एक तीव्र डावं वळण आहे. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर वर येत होता, म्हणून ती अगदी हळू झाली. आणि तिथे तिचा डावा पाय जोरात खाली गेला.

ती थांबायला गेली नव्हती. ती वळायला गेली होती. जमिनीवर हळू चालणारं विमान पायाने वळवतात. डावीकडे जायचं तर डावा पाय दाबायचा. महिनोन् महिने तिचा पाय तेच शिकला होता. पण माझ्या डावीकडे ब्रेक आहे. मागचं चाक जागच्या जागी थिजलं आणि खडीवरून ट्रॅक्टरच्या बाजूला घसरलं. तिने पाय उचलला. मी सरळ झाले. ट्रॅक्टरवाल्याने आमच्याकडे पाहिलंही नाही.

खाली आल्यावर तिने मला कडेला लावलं आणि कठड्यावर बसून राहिली. घाटातल्या त्या दाबाने तार अर्धी सरळ झाली होती. परतताना पायडल आधीपेक्षा खोल जाऊ लागलं.

बाळासोंच्या गॅरेजसमोर सगळे वाट बघत होते. राजवर्धनची बायको पूर्णिमा नवी साडी नेसून आली होती. त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला त्यांनी आम्ही आल्या आल्या माझ्या टाकीवर बसवलं. पन्हाळ्याला ती पुढे बसणार होती. मला तिच्या टाचा टाकीवर वाजताना कळत होत्या आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

"कशी झाली फेरी?" तात्यांनी विचारलं.

वर्षाराणीने हेल्मेट काढलं. घाटात काय झालं ते कुणी पाहिलं नव्हतं. 'झकास' म्हणाली असती, तरी चाललं असतं. कदाचित मी तिचीच झाले असते.

"मी चुकलो, मामा," ती म्हणाली. मग तिने पायाची सगळी गोष्ट सांगितली, ट्रॅक्टरसकट.

राजवर्धन हसला. "वर्षे, एवढी माणसं घिऊन उडतीस आणि बिरेक कुठला ते कळत न्हाई तुला? तात्या, गाडी माझी झाली बघा."

"झाली तर झाली. आमच्याकडं अशी चूक आपणहून लिहून द्यायची असते. कुणी बघितलेली नसली तरी. म्हणजे दुसऱ्याच्या हातून तीच होत न्हाई." तिने खिशातून किल्ली काढली. "आणि आणखी एक. त्यानंतर पायडल खोल जायला लागलं. माझ्या पायाचा दोष असंल. पण तू निघायच्या आधी सांगावं म्हटलं."

राजवर्धनने किल्ली घ्यायला हात पुढे केला. मी बाळासोंकडे पाहत होते. त्यांचा चेहरा आधी कोरा होता, मग एकदम उतरला. गॅरेजच्या बाकावर त्या वेळी पेठेतली पाच-सहा गिऱ्हाइकं बसली होती. या माणसांसमोर बाळासोंची कधी चूक निघाली नव्हती.

"थांब राजा," ते म्हणाले. "पोरीला खाली घे."

"आता काय झालं?"

"खाली घे म्हणतोय न्हवं."

ते माझ्याशेजारी गुडघ्यावर बसले, हात आत घातला आणि तारेचा तुकडा बोटाने सहज ओढून बाहेर काढला. दांडी खाली लोंबली. राजवर्धनने पायडल दाबून पाहिलं. ते जमिनीला टेकलं. हाताने फिरवलेलं चाक आपलं फिरत राहिलं.

"काल मॅचच्या नादात तशीच सोडली मी," बाळासो म्हणाले. "हिनं तिचं सांगितलं नसतं तर मीबी बोललो नसतो."

कुणीच हसलं नाही. पूर्णिमाने मुलीला पोटाशी धरलं. मग राजवर्धनने वर्षाराणीकडे न बघता म्हटलं, "तात्या, हिचंच नाव लिवा. पर माझ्या पोरीला पन्हाळा दाखवायचा तिनं. नवी पिन बसल्यावर."

"बसल्यावर न्हाई," तात्या म्हणाले. "बसलेली मी बघितल्यावर."

मित्रांनो, माझी निगा म्हणजे तेल, हवा आणि फडकं एवढीच असते असं मला आठ वर्षं ताडपत्रीखाली वाटत होतं. तेही हवंच. माझ्यावर कपडे वाळत घालू नका, हेही सांगते. पण आम्हा यंत्रांना तोंड नाही. माझ्यात काय सैल झालं, कुणी काय अर्धवट सोडलं, ते मी कळवू शकत नाही. तुम्ही सायकल पाडली असेल, कशाचा स्क्रू हरवला असेल, घाईत काही तसंच ठेवलं असेल, तर तुमच्यानंतर त्यावर बसणाऱ्याला सांगा. थोडी मान खाली जाईल, कुणी हसेलही. तरी सांगा. त्या संध्याकाळी चार वर्षांची एक मुलगी रडतच, पण सुखरूप घरी गेली, कारण तिला पन्हाळ्याला जायचं होतं.