कोरी बशी

मऊ

आधी बन येतात, लोणी लावलेले, अजून गरम. मग वेलदोडा घातलेला पावाचा गोल वेढा, मग सफरचंदाचा केक, मग क्रीमचे, आणि मग आबेलोनेचा काळ्या पावाचा केक. तो आला की गावच्या सभागृहातली बडबड जरा खाली येते. असे सात मऊ प्रकार झाले की सात कडक, बिस्किटांसारखे. खाजणाच्या या काठावर कॉफीचं टेबल म्हणजे एवढं असायचंच, आणि प्रत्येकातलं थोडंतरी बशीत घ्यायचंच. न घेतलं तर केक वाईट आहे असा अर्थ होत नाही. केक करणारीशी आपलं काहीतरी बिनसलंय, असा होतो.

त्या दिवशी नीसची सत्तरी होती. नीस म्हणजे आबेलोनेचा नवरा. ती टेबलाच्या टोकाला बसून बशा बघत होती. सगळीकडे काळा चुरा, क्रीमचे ओघळ. एकच बशी कोरी. जिला केकचा वाससुद्धा लागलेला नाही अशी.

मेटाची.

मेटा तिची धाकटी जाऊ, येपची बायको, गावच्या शाळेची बस चालवणारी. ती बशीपाशी नव्हतीच. मोठी किटली घेऊन टेबलांमधून कॉफी ओतत हिंडत होती. याची चेष्टा कर, त्याच्या खांद्यावर हात ठेव, की पुढे. आबेलोनेच्या डोक्यात एकदम काहीतरी हललं. बारशाला किटली कोणाकडे होती? मेटाकडे. सुगीच्या जेवणाला? मेटाकडे. नाताळात? अगं बाई, कित्येक महिने ही बया कुठे बूड टेकून बसलीच नाहीये!

"मेटा! ठेव ती किटली. ये इथे."

"मॅथिसचा कप रिकामा आहे, जाऊबाई."

"मॅथिसला हात आहेत."

आबेलोनेने तळहाताएवढा तुकडा कापला आणि सगळ्यांच्या देखत त्या बशीत ठेवला.

"राहू दे ना," मेटा हळूच म्हणाली.

"राहू दे? चाळीस वर्षं मिटक्या मारत खाल्लास. आता काय, कडू झाला?"

"कडू असता तर बरं झालं असतं गं."

मेटाने किटली खाली ठेवली आणि चमचा कपावर वाजवला. चमचा वाजला की इथे कोणीतरी उठून भाषण करतं नाहीतर घरी रचलेलं गाणं म्हणतं. मॅथिस म्हाताऱ्याने गाण्याचा कागद वाचायला घाईघाईने चष्मा शोधला.

"गाणं नाहीये, मॅथिस. बसा सगळे. मला मधुमेह आहे. उन्हाळ्यात कळलं. गोळ्या चालू आहेत, पण नुसत्या गोळ्यांनी भागत नाहीये. डोळ्यांच्या पडद्यावर ठिपके दिसलेत. वसंतात पुन्हा रक्त तपासणार. तोवर साखर उतरली नाही तर इन्शुलिन. सुईला मी भीत नाही, लागली तर घेईन. पण मग माझा परवाना पुन्हा तपासणीला जाणार, आणि त्यांचं ठरेपर्यंत तुमच्या पोरांची बस दुसरं कोणीतरी चालवणार. मला ती बस सोडायची नाहीये. झालं. कॉफी कोणाला?"

कोणी कप पुढे करेना.

"मग हा तुकडा मी घेऊ का?" मॅथिसने विचारलं.

सभागृह खदखदून हसलं. आबेलोने सोडून.


मऊच, पण कोणी न मागितलेले

दुसऱ्या दिवशी सकाळी मेटाच्या दारात केक.

इथल्या माणसांना दुःखावर एकच उपाय ठाऊक. माणूस गेलं, केक. गाय गेली, केक. मुलगी कोपनहेगनला राहायला गेली, दोन केक. तेव्हा मेटा आजारी आहे म्हटल्यावर गाव काय करणार? शेजारणीने तर डबा पायरीवर ठेवून दारातूनच ओरडून सांगितलं, "घाबरू नकोस गं, साखरेचा कणही नाही, नुसता मध घातलाय!"

आबेलोनेही आली. तिच्याही हातात डबा. काळ्या पावाचाच केक, फक्त साखरेऐवजी औषधाच्या दुकानातली गोड पूड.

मेटाने काट्यावर थोडा घेतला. चावला. खिडकीबाहेर बघितलं.

"बोल की."

"जाऊबाई, माझ्यावर काही राग आहे का तुझा?"

"का?"

"याला येपच्या गमबुटाची चव आहे."

आबेलोनेने चाखला. खरंच होती. दोघी इतक्या हसल्या की येप बघायला आला, तर त्यालाही एक तुकडा दिला. त्याने मुकाट्याने संपवला आणि छान झालाय म्हणाला.

"तू आपला खराच करत जा," मेटा डोळे पुसत म्हणाली. "वाटलं तर मी एक घास घेईन आणि चालायला जाईन. नाही वाटलं तर नाही घेणार. पण तू वाढायचं नाही. मी मागेन."


आबेलोने जे बोलली नाही

की वाढणं एवढंच तर मला येतं. की दुप्पट गोळ्या मागून घे आणि खा की सुखाने, डॉक्टर कशाला असतात? की भर सभागृहात तुला उभं केलं ते मी. की तुझ्या डोळ्यांचं ऐकल्यापासून साखरेच्या बरणीला हात लावताना मला, म्हणजे चाळीस वर्षं तुझ्या बशीत ते सगळं मीच तर

तिने डबा उचलला आणि घरी गेली.


इथे केक नाही

समुद्र अडवणाऱ्या बांधावर वारा आडवा येतो. सकाळची फेरी झाली की मेटा बस बांधाच्या पायथ्याशी लावते आणि वर चढते. एके दिवशी आबेलोने तिथे आधीच उभी होती, नीसचा कोट घालून.

"इकडे कुठे?"

"मेंढ्या बघायला आलेय."

"मेंढ्या त्या टोकाला आहेत. चल."

मेंढ्या रोजच त्या टोकाला निघाल्या, त्यामुळे आबेलोने रोजच आली. आणि चालता चालता तिला कळत गेलं. मेटाने जगावेगळं काहीच केलं नव्हतं. ताटात अर्ध्याहून जास्त कोबी, बाजूला मासा, जिथे बटाट्यांचा ढीग असायचा तिथे एखाद-दुसरा. पावाची चकती पातळ. जेवण झालं की बूट. पाऊस असो, गारा असोत, बूट. गोळ्या वेळच्या वेळी, येपच्या देखत, पाहुण्यांच्या देखत. बस्स. यात सांगण्यासारखं काय आहे? एक दिवस करून बघा.

"कधी मोडलं नाही तुझं?"

"मोडलं तर! नाताळाआधी पोरांनी व्हॅनिलाच्या बिस्किटांचा डबा दिला. ड्रायव्हरच्या सीटवर बसून अख्खा संपवला."

"अख्खा?"

"तळाचा चुरासुद्धा. मग रडले."

"मग?"

"मग काय, दुपारची फेरी होती. पोरं थोडीच थांबतात? संध्याकाळी बूट घातले."

आबेलोने थबकली. तिचा एखादा केक बसला तर ती चार दिवस ओव्हनशी बोलत नसे. संयम म्हणजे दातओठ खाऊन नाही म्हणणं, असं ती समजत होती. या बाईच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. गाय दोहावी तशी ती हे करत होती. काल लाथ बसली म्हणून आज गोठ्यात जायचं राहत नाही.

"दमलीस का जाऊबाई?"

"मी? तूच रेंगाळतेयस." आणि धापा टाकत ती पुढे निघाली.


कडक

वसंत आला, तपासणीला रक्त देऊन झालं. निकाल फोनवर येणार होता. घरी बसवेना म्हणून आबेलोने दुपारी शाळेच्या बसमध्ये चढली, पुढच्या बाकावर, दप्तरांच्या गराड्यात.

पहिलं शेतघर मागे गेलं आणि मेटाच्या कोटात फोन वाजला.

"वाजतोय."

"ऐकलं."

"मेटा, दवाखान्याचा असेल!"

"असेल. मी गाडी चालवतेय."

फोन थांबला. पुन्हा वाजला. आबेलोनेने कोटाकडे हात नेला.

"आबेलोनेआजी, ड्रायव्हरला त्रास द्यायचा नसतो," मागून एक चिमुरडी म्हणाली. "तिथे लिहिलंय बघा."

मुलं उतरत गेली. प्रत्येक फाट्यावर मेटा थांबायची, पोर रस्ता ओलांडून आपल्या दाराशी पोचेपर्यंत बघत राहायची, मगच गिअर. वाऱ्याने एकाची टोपी उडाली. ती सापडेपर्यंत बस उभी. आबेलोने मांडीवरचा रुमाल पिळत होती आणि समोर स्टिअरिंगवरचे हात अगदी निवांत. कुठून आणते ही एवढा थंडपणा? शेवटचं पोर घरात गेलं. दार लागलं. मेटाने ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मग फोन लावला.

"हो, मीच... हो... बरं... आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी काही कळवलंय का?... हो. आभारी आहे."

"काय?"

"उतरली. जिथे हवी तिथे नाही अजून, पण चांगली उतरली. इन्शुलिन सध्या नको. गोळ्या आहेत तशाच. ठिपके वाढलेले नाहीत."

"म्हणजे बस तुझीच?"

"माझीच. शरदात पुन्हा तपासायचं."

"पुन्हा?" आबेलोने बाकावरून उठलीच. "म्हणजे हे संपणारच नाही?"

"नाही गं." मेटाने किल्ली फिरवली. "पोरं तरी कुठे संपतात? सकाळी फाट्यावर उभीच." तिने आरशात पाहिलं. "आता सरळ बस, मला गाडी मागे घ्यायचीय."

रस्ता इथे संपत होता. मागे दोन्ही बाजूंना चर, पाण्याने काठोकाठ. आबेलोने ऐकतेय कसली? ती उडी मारून उतरली, वाऱ्यात मागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात हलवत ओरडू लागली, "ये, ये! डावीकडे चर आहे! अजून ये! थांब!"

तिचे हात हवेत होते तोवर बस एका झोकात मागे आली, चराच्या काठाला वीतभर अंतर ठेवून सफाईने वळली आणि तिच्यासमोर दार उघडून उभी राहिली.