शेवटचा नट

देवीलालच्या वेल्डिंगच्या दुकानात एक नियम होता. शेवटचा नट ज्याच्या हातानं कसला जाईल, त्यानं चाचणीला गाडीत पुढं बसायचं. पांढरकवड्याच्या हायवेवरचे कितीतरी ट्रक आले न गेले, पण पुढच्या सीटवर देवीलालची दहावीतली लेक जयाच. बापूच्या बाजूला, ऐटीत!

मग दिग्रसहून रंजिता आली. जयाची आतेबहीण, आयटीआय शिकलेली वेल्डर. आली तशी बापूच्या तोंडी तिचंच नाव.

"जया, रंजिताचं वेल्डिंग पाय बरं! मुंग्याइची रांगच जशी."

त्या मुंग्या दिवसभर जयालाच चावायच्या.

आज तर दुकानात चक्क चाकांवरचं घर आलं होतं. आत पलंग, शेगडी, फुलाफुलांचे पडदेसुद्धा! मालक रजत, यवतमाळचा. त्याला जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर हिंडायचं होतं. म्हणून चिखलात चाकाखाली घालायच्या जाड पट्ट्या, फावडं आणि जॅक त्याला गाडीच्या बाहेरून लावून हवे होते. गाडीला भोक मात्र पाडायचं नाही, असं बजावून, दारं लॉक करून तो जेवायला गेला.

"डाव्या अंगाले लाव, रंजिता," बापू म्हणाला. "ट्रकचा क्लीनर तिकूनच उतरते, सामान हाताशी रायते."

"हो, मामा."

काम रंजिताला. आणि जयाला काय, तर फडका!

रंजितानं लोखंडी चौकट केली, छपराच्या पट्टीला आवळली, तिच्यावर सामान बसवलं. देखणं झालं होतं, हेच तर दुखणं! जया दात-ओठ खात पत्रा पुसत होती, आणि पुसता पुसता थबकली. चौकटीमागं पत्र्यात लांब खाच होती. गाडीचं दार सरकतं होतं, आणि ते सरकून इथंच येणार होतं. धाडकन आदळणार!

तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. आदळू दे. होऊ दे मुंग्यांची पांगापांग!

रजत आला. "वा, काकाजी! एक नंबर!"

"हात भाचीचा हाय, भाऊ," बापू छाती काढून म्हणाला. "पण जागा म्या सांगतली."

जयाच्या हातातला फडका थांबला. आदळणार ते बापूच्याच नावावर! रजतचा हात दाराच्या मुठीवर गेला.

"दादा, थांबा! दार नोका उघडू!" जया ओरडली.

सगळे वाकून वाकून खाच पाहू लागले. बापूचे कान लाल झाले. "ट्रकले सरकतं दार कुठी रायते, भाऊ..."

"ताईनं पाहिलं म्हणून वाचलो!" रजत हसला.

बापूनं पाठ थोपटली, तशी जया फुग्यासारखी फुगली. चौकट सोडून उजव्या बाजूला न्यायला दोघी भिडल्या, तेव्हा रंजिता कानाशी कुजबुजली, "फडका मारतानीच दिसलं होतं न तुले?"

जया खाली मान घालून नट सोडत राहिली.

"तुया जागी म्या तं शेवटपर्यंत सांगतलं नसतं," रंजिता खुदकन हसली, आणि पाना पुढं केला. "घे. शेवटचा नट तू कस."

जयानं कसला. जीव खाऊन कसला.

चाचणीला ती पुढं बसली. रजत शेजारी, बापू आणि रंजिता मागं. काळ्या मातीच्या पांदणीतून गाडी हिंदकळत निघाली. जयानं मान ताठ केली आणि बापू काय म्हणतो म्हणून कान टवकारले.

"रंजिता," मागून बापूचा आवाज आला, "एवढे हादरे बसून राह्यले, पण तुई चौकट जराशी हलली नाही, पाय!"