चालू असताना विचारा

मी एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो, पण शाळेतली नव्हे. मला रेघ मारता येत नाही आणि एका जागी स्वस्थ बसवतही नाही. आपोआप गिअर बदलणाऱ्या एका मोटारीत, एका अरुंद नळीत मी राहते. गिअरबॉक्समध्ये तेल किती आहे, एवढंच मला सांगता येतं. माझ्या टोकाशी दोन खुणा आहेत. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये असलं, की गाडी खुशीत. इंजिन सुरू झालं की मी थरथरते आणि थांबलं तरी माझी चुळबुळ संपत नाही. कोण कधी येऊन उपसून काढेल, काय नेम?

कारखान्यात मला वाकवून सोडून पाहिलं. मी परत सरळ झाले, म्हणून पास झाले. पहिल्या मालकाने माझं फार कौतुक केलं आणि मग तो मला विसरला. कौतुक करणारी माणसं बॉनेट उघडून बघतात, काळजी करणारी मला बाहेर काढून बघतात. दोन्हींचा हिशेब मी ठेवलाय. दुसऱ्या प्रकारची माणसं फार थोडी.

पुढे गाडी एका सुईणीकडे आली. घरोघरी जाऊन बाळंतपणं करणारी ही बाई, त्यामुळे आमच्या गाडीला विसावा असा नाहीच. तिचा नवरा घड्याळजी. स्वभावाने शांत, आणि त्याचा एक नियम पक्का: चालू यंत्रात हात घालायचा नाही.

एकदा गिअर बदलताना गाडी हिसके देऊ लागली. घड्याळजीने मला काढून हुंगलं. तेल काळपट, वास करपल्यासारखा. त्याने ठरवलं, तेल घरीच बदलायचं. पायरीवर बसलेल्या त्याच्या आईला काही हे पटेना.

“अरे, घड्याळ मागे पडलं तर माणूस उशिरा पोचतो. हिची गाडी मागे पडली, तर बाळ थांबणार आहे का?”

यंत्र ते यंत्र, असं म्हणून तो गाडीखाली शिरला. काम मात्र त्याने देखणं केलं, हे मान्य करायला हवं. तळाच्या झाकणाचे बोल्ट एकेक करून सैल केले, जुनं तेल टबात उतरवलं. झाकणातल्या लोहचुंबकावर धातूची राखाडी साय जमली होती, ती दातांच्या ब्रशने घासून काढली. ब्रश आईचा होता, हे आईला संध्याकाळी कळलं. मग नवा फिल्टर बसवला आणि माझ्या नळीतून डाळिंबाच्या रंगाचं नवं तेल ओतलं. शेवटी, नियमाप्रमाणे, गाडी बंद ठेवूनच मला तपासलं. मी वरच्या खुणेपर्यंत भिजले होते. त्याने समाधानाने हात पुसले आणि उरलेली बाटली फळीवर ठेवली.

इथेच गोम होती. इंजिन थांबलं की गिअरबॉक्सभर फिरणारं तेल खाली उतरतं आणि माझ्या अंगावर चढतं. बंद गाडीत मी भरलेली दिसते, चालू गाडीत खरी दिसते. पण मला तोंड कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. चढावरच्या बेकरीवाल्याच्या मुलीला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलीच खेप, त्यात पोर घाबरलेली. सुईण निघाली. अर्ध्या चढावर इंजिन नुसतंच ओरडू लागलं, गाडी पुढे सरकेना. मी नळीत तडफडत होते. तिने ब्रेकवर पाय ठेवून गाडी हळूहळू मागे घेतली आणि घराच्या दारात आणून उभी केली. इंजिन तसंच चालू.

घड्याळजी धावत आला. त्याचा हात सवयीने किल्लीकडे गेला.

“हात काढा,” ती म्हणाली. “तुमची घड्याळं बंद करून तपासत असाल. पेशंटची नाडी मी बंद करून बघत नाही.”

त्याचा हात हवेतच राहिला. तिने ब्रेक दाबून दांडी सगळ्या गिअरांतून फिरवली आणि परत पार्किंगवर आणली. त्याने मला उपसलं. माझं फक्त टोक ओलं होतं. त्याने फळीवरची बाटली आणली, थोडं थोडं ओतलं, दर वेळी मला पुसून पुन्हा बुडवलं. तेल दोन खुणांच्या मध्ये आलं, तशी ती निघाली.

चढ आम्ही एका दमात चढलो. बेकरीसमोर इंजिन थांबलं आणि माझा जीव टांगणीला लागला. इंजिन निवत आलं, तरी बेकरीवरच्या घरातून काही ऐकू येईना. मग खिडकीतून एक चिरका आवाज आला. तो आवाज पुढे बराच वेळ थांबला नाही, आणि मी पहिल्यांदाच स्वस्थ झाले.

परतलो तेव्हा घड्याळजी स्वच्छ फडकं घेऊन फाटकाशी उभा होता. गाडी बंद करू नकोस, म्हणाला. आई म्हणाली, आता तरी बंद करू दे रे, तिला जेवायचंय.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये माझी एखादी बहीण असेल, तर मोठ्यांना सांगा: तिची वरचेवर चौकशी करा, पुसायला स्वच्छ फडकं घ्या, आणि विचारायचं ते गाडी चालू असताना विचारा. घड्याळजी आता दुरुस्तीला आलेलं घड्याळ लगेच उघडत नाही. टिकटिक चालू असेल, तर आधी ते कानाशी धरून बसतो.